ओवी बडोद्याला येण्याआधी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परीक्षा संपली की ओवीला घेऊन बडोद्याला येतेय. ती सुट्टीभर दांडिया बाजारच्या घरी राहील, मला मात्र लगेच परतावं लागेल. फोनवर आईला रडू येतं आणि बोलायचं ते राहून जातं, म्हणून लिहितेय.

बाबा, ओवी आठ वर्षांची झाली तरी सलग वाचत नाही, याचा तुम्हाला घोर लागलाय. सांधे धरले की शाळा बुडते, हे खरंच. पण तुम्हाला रोझमेरी सटक्लिफबद्दल सांगायचंय. मुलांसाठी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणारी ही इंग्रज लेखिका. जन्म 1920 चा, वडील नौदलात अधिकारी. अगदी लहानपणी तिला स्टिल्स डिसीज झाला. तोही लहान मुलांचा संधिवातच, ओवीच्या आजाराचा भाऊबंद. तेव्हा आजची औषधं नव्हती. शस्त्रक्रिया होत राहिल्या, आयुष्याचा बराच काळ चाकाच्या खुर्चीत गेला. आजारपण आणि वडिलांच्या बदल्या, यांत शाळा धड झालीच नाही. नऊ वर्षांची होईपर्यंत तिला वाचता येत नव्हतं!

पण तिची आई तिला तासन् तास वाचून दाखवायची, आणि स्वतःला आवडेल तेच वाचायची: डिकन्स, किपलिंग, जुन्या दंतकथा. एवढं ऐकलेल्या मुलीला क्रमिक पुस्तकातल्या दोन-दोन शब्दांच्या वाक्यांत काय गोडी वाटणार? किपलिंगच्या रोमन सैनिकांच्या गोष्टी तिने त्या वयात ऐकल्या, आणि पुढे रोमनांच्या अमलातल्या ब्रिटनवरच तिच्या सगळ्यात गाजलेल्या कादंबऱ्या झाल्या. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. मग कलाशाळेत शिकून ती लघुचित्रं काढायला लागली, त्यात नावही कमावलं, पण तेवढ्याशा चौकटीत तिचा जीव रमेना. 1950 मध्ये पहिली पुस्तकं आली, 1954 मध्ये ‘द ईगल ऑफ द नाइन्थ’, आणि 1959 च्या कादंबरीला मुलांच्या पुस्तकांसाठीचं कार्नेगी पदक मिळालं.

म्हणून बाबा, ओवीला अक्षरं गिरवायला बसवू नका, तिला वाचून दाखवा. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत तिला रिक्षाने न्या. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनना कसं आणलं, हे तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगता, ते तिलाही सांगा. पुस्तकं निवडताना पातळ आणि मोठ्या टायपाची बघू नका. वाचताना तुम्हाला रंग चढेल ती आणा, तुमच्या त्या जाड ऐतिहासिक कादंबऱ्यासुद्धा चालतील. सगळं कळलं नाही तरी ती ऐकत राहते, मी पाहिलंय.

आई, आता तुझ्याशी. सटक्लिफच्या गोष्टींतली मुलं बरी होत नाहीत. मार्कस हा रोमन अधिकारी लढाईत पायाने अधू होतो, सैन्यातून बाहेर पडतो, आणि तसाच लंगडत रोमन सरहद्दीवरच्या हेड्रियनच्या भिंतीपलीकडे वडिलांच्या पलटणीचं हरवलेलं गरुडाचं निशाण शोधायला जातो. कांस्ययुगातल्या ड्रेमचा उजवा हात लुळा आहे. योद्धा व्हायचं तर एकट्याने लांडगा मारायचा, अशी त्याच्या जमातीची रीत. शेवटी तो लांडगा मारतो, पण हात लुळाच राहतो.

तू मागे ओवीला फोनवर अष्टावक्राची गोष्ट सांगितलीस. तिला ती फार आवडली. पण महाभारतात शेवटी समंगा नदीत उतरल्यावर त्याचं अंग सरळ होतं ना, ते ऐकून तिने मला विचारलं, “आई, ती नदी कुठे आहे? आपण कधी जायचं?” मला काही बोलताच आलं नाही. या वेळी जनकाच्या सभेपर्यंतच सांग. लहान म्हणून द्वारपाल त्याला दारात अडवतो ते, त्याची उत्तरं, बंदी नावाच्या पंडिताला हरवणं, सगळं अगदी सावकाश, तुला येतं तसं. नदीचं ती मोठी झाल्यावर सांगू. आणि कुणी भेटायला आलं की तिच्यासमोर नवसाचं काढू नकोस. तिला सगळं समजतं, आणि मग दिवसभर ती गप्प असते.

सकाळी तिचे सांधे आखडलेले असतात. कोमट पाण्याने अंघोळ झाली की मोकळे होतात, तोवर घाई नको. इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवायचं आहे, पण फ्रीजरमध्ये नाही. कधी आणि कसं द्यायचं ते येईन तेव्हा दाखवते. पोळ्या लाटायचा हट्ट धरेल, लाटू दे.

बाबा, ड्रेमची कादंबरी ‘वॉरियर स्कार्लेट’ कुरिअरने पाठवतेय. इंग्रजी आहे, तेव्हा आधी तुम्ही वाचा आणि तिला रोज थोडी मराठीतून सांगा. लांडग्याचा भाग गाळू नका. ती घाबरत नाही.

तुमची,
मनू