थंडीच्या आधीची खुडणी

प्रिय नंदे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी नेमकी बेझिल खुडत होते. कागदाला अजून वास येत असेल तर तो त्याचाच. तू विचारलंस, थंडी पडायच्या आत कुंड्यांमधली सगळी पानं सरळ वाळवून टाकू का? नको गं बाई! तो उद्योग मी मागच्या वर्षी करून बसलेय. हौसेनं कोथिंबीर वाळवली आणि बरणीत उरलं हिरवट गवत. चव कागदाची.

आता माझा हिशेब सोपा आहे. काडी चिवट आणि पान बारीक असेल, म्हणजे रोझमेरी, थाईम, ओरेगॅनो, तर वाळव. पान पातळ आणि रसरशीत असेल, म्हणजे कोथिंबीर, पार्सली, बेझिल, तर गोठव. पुदिना दोन्हीकडे चालतो, त्याचं काही म्हणणं नसतं.

घाई कर ती बेझिलची. बाकीची थोडा गारठा सोसतात, हे मात्र फार नाजूक प्रकरण. पारा १० अंशांच्या खाली उतरायला लागला की पानं काळवंडायला लागतात, आणि हिमाची एक रात्र तर पुरेच. "उद्या खुडू" म्हणून मी एक अख्खी कुंडी घालवली. सकाळी बघते तर पानं चहाच्या चोथ्यासारखी काळी, लिबलिबीत. खुडताना पानांच्या जोडीच्या जरा वर खुड, तिच्या बगलेतून दोन नवे फुटवे येतात. तुरा दिसला तर आधी तो काढ, नाहीतर पानाची चव उतरते.

गोठवायचं तर पानं धुऊन, नीट कोरडी करून जाडसर चिर, बर्फाच्या ट्रेमध्ये भर आणि बुडेल इतकं तेल ओत. खडे झाले की पिशवीत काढ. लागेल तेव्हा एक खडा थेट शिजत्या भांड्यात. पण ताजी पानं तेलात बुडवून बाटली ओट्यावर मांडून ठेवू नकोस. दिसते सुरेख, मोह मलाही होतो. पण तेलाखाली हवा नसते आणि तिथे बोटुलिझमचे जंतू वाढून विष तयार करू शकतात. वासावरून कळतही नाही.

वाळवायच्या काड्या सकाळी दव उडाल्यावर, ऊन तापायच्या आत काप. छोट्या जुड्या कर आणि दोऱ्याऐवजी रबरबँड लाव, कारण काड्या सुकून बारीक झाल्या की दोरा ढिला पडतो आणि सगळं खाली. उन्हात नाही हं, वारा खेळेल अशा अंधाऱ्या जागी उलट्या टांग. एक-दोन आठवड्यांत पान बोटांत चुर्र करून मोडलं पाहिजे. बरणीत भरल्यावर दुसऱ्या दिवशी काचेला आतून दमटपणा दिसला तर मुकाट्यानं सगळं बाहेर काढ. मी "असेल थोडं" म्हणून सोडलं आणि आठवड्यानं पांढरी बुरशी बघत बसले. पानं अख्खीच ठेव, चुरा वापरतानाच कर. आणि हात आखडता घे: ताजं तीन चमचे लागत असेल तिथे वाळलेलं एक पुरतं.

पुदिना वरून सुकला तरी उपटून टाकू नकोस, खाली मुळं जिवंत असतात, ऊब आली की फुटतो. रोझमेरीची कुंडी आत आण, पण माया म्हणून रोज पाणी घालू नकोस, मुळं कुजतात.

बेझिलचं झाड वाचवायच्या भानगडीत मी आता पडत नाही. चार शेंडे कापले, खालची पानं काढली आणि पेल्यात पाण्यात उभे केले. पाणी एक दिवसाआड बदलते. आज नवव्या दिवशी एकाला पांढरं मूळ दिसलं, शिवणाच्या दोऱ्याएवढं. तुझ्याकडे येताना दोन काड्या ओल्या कापडात गुंडाळून आणेन. खिडकीतली उन्हाची जागा तेवढी मोकळी ठेव, तिथे ते जुने डबे रचून ठेवू नकोस.

तुझी,
मंजू