विणता येतं म्हणजे दुखत नाही, असं नव्हे

मा. संपादक,
स. न.

दीर्घ आजारांबद्दल आपल्या पुरवणीत जे येतं ते मी नेमाने वाचतो. त्यात साधारण दोन प्रकारची माणसं भेटतात. एक, आजाराच्या नाकावर टिच्चून डोंगर चढणारी. दुसरी, अंथरुणाला खिळलेली आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणणारी. जे बरेही होणार नाहीत आणि ज्यांचं इतक्यात काही होणारही नाही, ज्यांच्यापुढे फक्त आजची दुपार कशी काढायची एवढाच प्रश्न आहे, असे आम्ही मधले त्यात कुठेच दिसत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

मी टर्नर होतो, म्हणजे यंत्रावर धातू कातणारा कारागीर. लेथवर उभं राहून मायक्रोमीटरने शतांश मिलिमीटरचा फरक धरण्यात उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीच्या आधीच संधिवाताने हात धरले. वयामुळे सांधे झिजतात तो हा नव्हे, ऱ्हुमॅटॉइड. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, आणि बहुधा दोन्ही हातांवर सारखीच. सकाळी तास-दीड तास मूठ वळत नाही. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी असते. ती घेतली की दुसरा दिवस मरगळीत जातो. दुखण्यापेक्षा हा थकवाच समजावून सांगायला कठीण. ‘झोप झाली नाही का?’ असं लोक विचारतात. झोप झालेली असते हो.

हातांचा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एकदा विचारलं, हाताला हलकं काम काय आवडेल? समोर कुणीतरी ठेवलेली क्रोशाची सुई होती, ती मी उचलली. हत्यार बघितल्यावर हातात घेऊन बघायचं ही जुनी खोड. घरी बहिणीने साखळी आणि खांब हे टाके शिकवले. मूठ दणकट धरता येत नाही म्हणून सुईच्या दांड्यावर स्पंजची नळी चढवली; जाड दांडा धरायला बोटं कमी आवळावी लागतात.

दोन सुयांच्या विणकामात सगळी ओळच्या ओळ सुईवर उघडी असते, निसटली तर पंचाईत. क्रोशात एका वेळी बहुधा एकच टाका उघडा असतो. बोट भरून आलं की तो टाका जरा मोठा ओढायचा, सुई काढायची आणि खाली ठेवायचं. आठवड्याने उचललं तरी काम तिथेच थांबलेलं. आमच्यासारख्यांना छंद निवडायचा तर माझ्या मते ही एकच कसोटी: मध्येच सोडला तर तो रुसता कामा नये. मी विणलेले चौकोन वाकडे येतात. शतांश मिलिमीटर सांभाळलेल्या माणसाला त्यात इतकी मजा का वाटावी, हे मला अजून कळलेलं नाही.

आता तक्रार. विणताना पाहिलं की नातेवाईक म्हणतात, ‘वा, हात सुधारले की! मग तेवढी बरणी उघडून द्या.’ बरणीला पिळण्याचा जोर लागतो, मनगट आणि अंगठा एकदम. लोकर बोटावरून नुसती सरकते. शिवाय मी दहा मिनिटं विणतो आणि मग हात मांडीवर ठेवून बसतो. ते बसणं कुणी बघत नाही. याच्या उलट दुसरी मंडळी, ‘त्रास होतो तर कशाला करायचं?’ म्हणणारी. आणि तिसरी सगळ्यांत उत्साही, ‘याची विक्री सुरू करा!’ त्यांना हात जोडतो (जेवढे जुळतात तेवढे). गिऱ्हाइकाची तारीख आली की हे पुन्हा कारखान्याचं काम झालं.

उदाहरणं देणारे रेन्वार या फ्रेंच चित्रकाराचं नाव हमखास काढतात. त्याला हाच आजार होता. आयुष्याची शेवटची पंचवीसेक वर्षं बोटं आखडत गेली, तरी १९१९ साली मरेपर्यंत तो रंगवत राहिला. थोर माणूस. पण चित्रं हा त्याचा धंदा होता आणि प्राणही. दुपार काढायला तो रंगवत नव्हता. मला जवळचा वाटतो तो उत्क्रांतीवाला चार्ल्स डार्विन, पण उत्क्रांतीमुळे नव्हे. हा माणूस वर्षानुवर्षं आजारी असायचा. दुखण्याने खोलीत अडकला असताना त्याने हॉप नावाच्या वेलीची कुंडी जवळ ठेवली आणि आधार शोधत शेंडा हवेत गोल कसा फिरतो ते रात्रंदिवस पाहिलं. उष्ण हवेत, दिवसा एका फेरीला सरासरी २ तास ८ मिनिटं, अशी त्याची नोंद आहे. त्यातून पुढे शास्त्र निघालं, १८६५ साली वेलींवरचा मोठा निबंध छापून आला, ते सोडा. दोन तास एका शेंड्याकडे बघायला सवड आणि कारण दोन्ही असलेला माणूस आजारीच असणार.

सांधे सुजून गरम झालेले असतात त्या दिवशी सुई मीही उचलत नाही. खिडकीत गोकर्णाचा वेल आहे. उशीवर डोकं एका जागी ठेवून शेंडा दिसेल तिथे काचेवर स्केचपेनने टिंब द्यायला नातवाला सांगतो. नातू वैतागतो, पण देतो. टिंबांचं वेडंवाकडं कडं तयार होतं. दुखणं त्याने कमी होत नाही, आणि होतं असं मी लिहिणारही नाही, उपचार डॉक्टरांचेच. छंदाच्या अंगावर औषधाचं काम टाकलं की गुण आला का म्हणून रोज त्याची झडती सुरू होते, आणि मग तोही नकोसा होतो.

आपल्याकडे मागणं एवढंच. पुरवणीत कधीतरी अशा बिनपराक्रमी माणसांना जागा द्या. दुसरं, आपलं शब्दकोडं. त्याचे चौकोन इतके बारीक असतात की आखडलेल्या बोटांत पेन धरून अक्षर आत बसत नाही. जोडाक्षर तर शेजारच्या घरात जातं. आठवड्यातून एक दिवस तरी कोडं मोठ्या चौकोनांत छापावं. सूत्रं मात्र सोपी करू नयेत, ती आहेत तशीच राहू द्यावीत.

आपला,
एक निवृत्त टर्नर