माझे बोलणे गोंगाटातही कळू देणाऱ्या ध्वनी-अभियंत्यास

आदरणीय महोदय,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पार्किन्सन्सच्या आजाराचा माझ्या वाचेवर परिणाम होऊ लागला त्याला आता सहा वर्षे झाली. डॉक्टर ज्याला डिसार्थ्रिया म्हणतात त्या अवस्थेत शब्द मनात शाबूत असतात, पण ओठ, जीभ, टाळू आणि श्वास यांचे स्नायू पुरेसे हलत नाहीत, आणि वाक्य तोंडाबाहेर येईपर्यंत त्याचे पुटपुटणे होऊन जाते. शांत खोलीत घरच्यांना ते समजत असे. पंखा सुरू असला किंवा चार माणसे एकदम बोलू लागली, की माझे बोलणे नाहीसे होई. "काय म्हणालात?" हा प्रश्न तिसऱ्यांदा आला की मी "काही नाही" म्हणून गप्प बसत असे. दिवसातून किती वेळा मी असे "काही नाही" म्हणते, हे तुम्ही पहिल्याच भेटीत विचारलेत. तोवर ते मला कोणीही विचारले नव्हते.

तुमच्याकडे येण्यापूर्वी मी गळ्यात अडकवायचा एक ध्वनिवर्धक वापरून पाहिला होता. त्याने माझा आवाज वाढे, पण माझ्या श्वासाची फुसफूस आणि खोलीतला गलकाही तितकाच वाढे, आणि थोडा अधिक वाढवला की माईक शिट्टी मारू लागे. गोंगाट कमी करणारी एक तयार प्रणाली त्याहून क्लेशदायक ठरली, कारण माझे श्वासमिश्रित, अर्धवट उच्चार तिने गोंगाटच समजून कापून टाकले. तुम्ही दोन्ही साधने बाजूला ठेवलीत, माझ्या आवाजाची नोंद घेतलीत आणि तिचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या कंपनसंख्यांच्या पट्ट्यांत कधी किती ऊर्जा आहे हे दाखवणारे चित्र, पडद्यावर दाखवलात. खालच्या पट्टीत स्वरांचे जाड, काळे थर होते आणि वर, जिथे व्यंजने दिसायला हवीत तिथे, फिकट धुके. बोलण्याची बरीचशी ऊर्जा १००० हर्ट्झच्या खाली असते, तर 'स'सारख्या घर्षणाची मुख्यतः ४००० हर्ट्झच्या वर. आवाजाचा जोर स्वर देतात, पण शब्द ओळखू येतो तो बहुतांशी व्यंजनांमुळे, हे तुम्ही त्या चित्रावर बोट ठेवून समजावलेत. आयुष्यभर मुलांना भाषा शिकवूनही स्वतःच्या भाषेची ही बाजू मी त्या दिवशी प्रथम पाहिली.

गोंगाटात निरोगी माणूस नकळत मोठ्याने बोलतो, स्वर थोडे लांबवतो आणि त्याच्या आवाजातली ऊर्जा वरच्या पट्ट्यांकडे सरकते; लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ साली याचे वर्णन केले आणि त्याचेच नाव या परिणामाला मिळाले. माझ्या शरीराकडून ही भर पुरेशी पडत नव्हती. ती बाहेरून घालावी, असे तुम्ही ठरवलेत. आधी माईक गालाशी, ओठांच्या कोपऱ्यापासून ३ सेंटिमीटरवर आणलात; अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, त्यामुळे २४ सेंटिमीटरवरच्या माईकच्या तुलनेत गोंगाटापेक्षा वर येण्यासाठी जवळजवळ १८ डेसिबल कोणत्याही प्रक्रियेविनाच मिळाले. मग तुम्ही खालच्या पट्ट्या उतरवून व्यंजनांच्या पट्ट्या उचलल्यात आणि कंप्रेशनने स्वरांची शिखरे दाबून कमकुवत ध्वनी वर आणलेत. त्या जुळणीत तुम्ही जो संयम दाखवलात त्याबद्दल मला विशेष कृतज्ञता वाटते. कंप्रेशन जास्त झाले की दोन शब्दांमधला माझा श्वासच ठळक होई, आणि तसे झाले की तुम्ही दरवेळी मागे फिरून, पुन्हा ऐकून, थोडे थोडे पुढे गेलात. स्वतःचा आवाज सुमारे २०० मिलिसेकंद उशिरा कानी पडला तर निरोगी माणूसही अडखळतो, म्हणून सगळी प्रक्रिया तुम्ही १० मिलिसेकंदांच्या आत बसवलीत.

तुम्ही मला खोटी आशा दाखवली नाहीत, हेही येथे नोंदवायला हवे. 'प' किंवा 'क' उच्चारताना तोंडातला मार्ग पुरता बंदच झाला नाही तर त्या व्यंजनाचा स्फोट उमटत नाही, आणि जो उमटलाच नाही तो ध्वनीची कोणतीही गाळणी (फिल्टर) उचलू शकत नाही. माझे शब्द घाईने एकमेकांवर चढतात तेव्हा ध्वनिमुद्रण मागाहून संथ करता येते, प्रत्यक्ष संभाषण मात्र नाही. हे स्पष्ट सांगून तुम्ही मला वाचा-उपचारतज्ज्ञांकडे परत पाठवलेत. शब्दांमध्ये थांबण्याचा सराव त्यांच्याकडे आणि उरलेल्याला उठाव देण्याचे काम यंत्राकडे, ही वाटणी तुमची आहे आणि ती योग्य आहे. माझ्या जागी एखादा गुळगुळीत, तयार आवाज बसवण्याचा मार्गही होता. मला माझाच आवाज हवा आहे, हे तुम्ही एकदा ऐकलेत आणि पुन्हा विचारले नाहीत.

गेल्या महिन्यात बारा-तेरा जणांच्या बैठकीत, खुर्च्या सरकत असताना आणि मागे दोघे कुजबुजत असताना, मी एक मत मांडले. समोरच्या गृहस्थांनी "काय म्हणालात?" असे विचारले नाही, ते म्हणाले, "मला हे पटत नाही," आणि आम्ही पुढची दहा मिनिटे त्या मुद्द्यावर वाद घातला. माझे म्हणणे खोडून काढण्याइतके स्पष्ट कोणाला तरी ऐकू आले होते. घरी येताना मला रडू आवरले नाही.

'श' आणि 'स' यांतला फरक अजूनही पुसट राहतो, असे घरचे सांगतात. त्या शब्दांची एक यादी करून ठेवली आहे. पुढच्या नोंदीच्या वेळी सोबत आणीन.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक निवृत्त शिक्षिका