तारीख घेण्याआधी तुकडा तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्तनाच्या कर्करोगावरची आपली पुरवणी वाचली. चांगली होती, पण एक गोष्ट राहून गेली. स्तनात निघणारी कर्करोगाची प्रत्येक गाठ नेहमीच्या स्तनाच्या कर्करोगाची नसते. शंभरात एकीहूनही कमी वेळा ती लिम्फोमाची, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या आजाराची असते. माझ्या थोरल्या वहिनींना ६२व्या वर्षी तोच निघाला.

गाठ दुखत नव्हती, पण महिनाभरात लिंबाची मोसंबी झाली. बारीक सुईच्या तपासणीत ‘कर्करोगाच्या पेशी’ एवढंच आलं आणि इथल्या सर्जननी पुढच्या गुरुवारी स्तन काढायची तारीख दिली. दादा ॲडव्हान्स भरून मोकळे! भाची लॅब टेक्निशियन आहे. तिने हट्टच धरला: आधी जाड सुईने तुकडा काढा, आयएचसी करा. यात पेशींना रंग चढवून त्यांच्यावरच्या खुणा पाहतात. रिपोर्टला आठ दिवस लागले. ‘गाठ वाढतेय आणि तू थांबा म्हणतेस?’ असं दादा तिला तोडून बोलले. सीडी २० ही बी-पेशींवरची खूण पॉझिटिव्ह आली. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा.

मग तो ब्लॉक, मेणात बसवलेला काडेपेटीहून लहान तुकडा, रुमालात गुंडाळून वहिनींनी स्वतःच्या पर्समधून परळला टाटा हॉस्पिटलात नेला. तिथेही तेच निदान झालं. हा आजार औषधांनीच हटतो, स्तन काढून काही साधत नाही, उलट जखम भरेपर्यंत केमो लांबते, असं डॉक्टरांनी समजावलं. इको काढून हृदय तपासलं, कारण केमोतलं लाल औषध हृदयाला जड. नंतर दर २१ दिवसांनी एक अशा आर-चॉप या एकत्र द्यायच्या औषधांच्या सहा सायकली. त्यातल्या रिटुक्सिमॅब या औषधाच्या पहिल्या वेळी वहिनींना अशी हुडहुडी भरली की तीन ब्लँकेटं घातली. नर्सने सलाइनचा वेग कमी केल्यावर थांबली. दुसऱ्या सायकलनंतर गाठ हाताला लागेना. शेवटी लाइट, म्हणजे रेडिएशन, दिले. हा आजार दुसऱ्या स्तनात किंवा मेंदूतही उलटू शकतो, म्हणून तपासण्या चालू आहेत.

सर्जनना मी फार दोष देत नाही. त्यांच्यासमोर बहुतेक वेळा नेहमीचाच कर्करोग येतो. पण पुढच्या पुरवणीत ‘ऑपरेशनआधी बायोप्सी आणि आयएचसीचा रिपोर्ट मागा’ एवढी ओळ ठळक छापावी.

दादांनी भरलेला ॲडव्हान्स अजून परत मिळालेला नाही.

आपला,
एक वाचक, मिरज