क्लेबरीहून मिरजेला

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

फोनवर क्लेबरीचा विषय निघाला की बाबा म्हणतात, "मोठ्यानं बोल." मोठ्यानं बोललं की आई म्हणते, "ओरडतेस कशाला?" म्हणून या वेळी सगळं लिहूनच पाठवते आहे. अक्षर मोठं काढलंय. तरी डोळ्यांना त्रास झाला तर दादाच्या मुलाकडून वाचून घ्या, तेवढंच त्याचं मराठीही सुधारेल.

लंडनच्या क्लेबरी मनोरुग्णालयाच्या, तुम्ही दोघं जिथे नोकरीला होतात तिथल्या, जुन्या स्टाफचं जेवण झालं. बोलावणं तुम्हाला होतं, तुमच्या जागी मी गेले. वुडफर्डला एका चर्चच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती आणि दारातच एका आजींनी मला थांबवलं. "तू बोलू नकोस, मी ओळखते," म्हणाल्या, आणि आई, त्यांनी खरंच तुझ्या कपाळावरून मला ओळखलं. मॉरिशसची ती सिस्टर, जी नाइट ड्यूटीवरून येताना आपल्या क्वार्टरचं दार वाजवून तुला पावाची पिशवी देऊन जायची. आता काठी घेऊन चालते. बोलणं तेवढंच भराभर, अर्धं फ्रेंच.

जमलेल्यांत निम्मे मॉरिशसचे, मग आयरिश, बार्बाडोसच्या दोघी, मलेशियाचे एक गृहस्थ. जन्मानं इंग्रज असलेले लोक बोटावर मोजण्याइतके, आणि तेही बहुतेक लाँड्री, बागकाम किंवा स्वयंपाकघरातले. तेव्हा लहान होते म्हणून मला यात काही वेगळं वाटायचं नाही. आता वाटतं. इंग्लंडातल्या लोकांना ही नोकरी नको होती, म्हणून ती जगभरातून आलेल्या मुलामुलींना मिळाली. त्यातही पुष्कळ मुलींना तीन वर्षांच्या रजिस्टर्ड नर्सच्या शिक्षणाऐवजी दोन वर्षांच्या एनरोल्ड नर्सच्या कोर्सला घालत, ज्याला त्यांच्या स्वतःच्या देशात कोणी विचारत नसे. आई, तू मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलमधून शिकून आलेली असून तुलाही पहिल्या ठिकाणी तोच फॉर्म पुढे केला होता ना? तू सही केली नाहीस, ही गोष्ट मी जेवताना सांगितली तर टेबलावर टाळ्या पडल्या. तुझ्यासारखं 'नाही' म्हणायचं कित्येकींना सुचलंच नव्हतं.

तुझ्या नाताळच्या करंज्या सगळ्यांना आठवतात. आयरिश चार्ज नर्स, ते क्रिकेट टीमचे कप्तान, बाबांचे दोस्त, आता नव्वदीला टेकलेत. त्यांनी विचारलं, "दोज हाफ-मून थिंग्ज, आणल्यास का?" नव्हत्या आणल्या. रमकेक होता, मॉरिशसची बिर्याणी होती, हॅम सँडविचं होती. बाबा, कप्तान म्हणाले, फार्मसीतून पॅराल्डिहाइडचा, म्हणजे रुग्णांना शांत करायच्या त्या औषधाचा, वास घेऊन माणूस बॅटिंगला आला की बोलर लांबूनच बोलिंग टाकायचा. मला तो वास अजून आठवतो. तुमच्या स्वेटरला यायचा. प्लॅस्टिकची सिरिंज त्यानं विरघळते म्हणून काचेचीच वापरावी लागते, हे मला शाळेत पाढे येण्याच्या आधी माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर गेले. आता क्लेबरी नाव तिथे जंगलाला उरलंय, वस्तीचं नाव रेप्टन पार्क. बागा आखणाऱ्या हम्फ्री रेप्टननं 1791 मध्ये ती जहागीर आखून दिली होती, म्हणून. म्हणजे मधली शंभर वर्षं गाळून बिल्डरनं थेट त्याच्या आधीच्या माणसाला गाठलं! जाहिरातीत मनोरुग्णालय हा शब्द कसा टाळायचा, यावर कुणीतरी बरंच डोकं चालवलेलं दिसतं. लाल विटांच्या त्याच इमारती, तेच उतरते कोपरे, त्यात फ्लॅट. जॉर्ज हाइन या वास्तुकारानं एकेक वॉर्ड थोडा मागे सरकवत बांधले होते, प्रत्येक खिडकीला ऊन आणि समोरचा देखावा मिळावा म्हणून. 1893 साली गरीब मनोरुग्णांसाठी हा विचार झाला, याचं श्रेय द्यायला हवं. आज त्याच उन्हासाठी लोक लाखो पौंड मोजतात. पाण्याचा टॉवर जागच्या जागी आहे. लांबून आधी तोच दिसतो, तेव्हा दिसायचा तसाच.

आई, हे बसून वाच. चॅपलमध्ये पोहण्याचा तलाव केलाय. वरच्या कमानी तशाच आहेत, खाली निळं पाणी. तू दर रविवारी वॉर्डातल्या बायकांना दोन-दोनच्या जोडीनं तिथे न्यायचीस, मी शेवटच्या बाकावर बसायचे, आणि तू इंग्लिश गाण्यांच्या मध्येच खालच्या आवाजात मराठी शब्द घालायचीस. तुला वाईट वाटेल की हसू येईल, ते मला ठरवता येईना. पाद्रीसाहेब असते तर म्हणाले असते, बाप्तिस्मा घ्यायची सोय तर झाली.

जंगलात मात्र काहीच बदललेलं नाही. हॉर्नबीमची झाडं तशीच वाकडीतिकडी. ब्लूबेल्सचा मोसम नव्हता.

आता मुख्य गोष्ट. जेवणानंतर तिथे जवळजवळ भांडण झालं. एकजण म्हणाले, क्लेबरी बंद करायलाच नको होतं, सरकारला जमीन विकायची होती. कप्तान म्हणाले, जमीन विकली हे खरं, पण म्हणून बंद करणं चूक होत नाही. आणि मग सगळे बोलायला लागले. मला बाबांचं जेवणाच्या टेबलावरचं वाक्य आठवलं, "पॉवेलनं सांगितलं होतं, कुणी मनावर घेतलं नाही." ते तुम्ही का म्हणायचा, हे मला आत्ता नीट कळलं. 1961 च्या मार्चमध्ये आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी भाषण करून सांगितलं की पंधरा वर्षांत मनोरुग्णालयांतल्या निम्म्या, म्हणजे 75,000 खाटा नको होतील. पन्नाशीच्या दशकात इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे दीड लाख माणसं अशा हॉस्पिटलांत होती. याच पॉवेलनी पुढे 1968 मध्ये बाहेरून आलेल्यांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं. खाटा घालवायला निघालेला माणूस, आणि खाटांजवळ उभे राहिलेले तुम्ही. पन्नाशी-साठीच्या त्या दशकांत मनोविकारावरचं लार्गॅक्टिल आलं, मोडिकेटसारखी महिन्याभराची इंजेक्शनं आली, 1959 चा मानसिक आरोग्याचा नवा कायदा आला. कार्डिफच्या ईली हॉस्पिटलमधल्या छळाचा चौकशी अहवाल 1969 मध्ये छापला गेला. भिंतींच्या आत काय चालू शकतं, हे त्यानंतर कुणाला नाकारता येईना. 1983 मध्ये उत्तर-पूर्व लंडनच्या आरोग्य मंडळानं फ्रायर्न हे दुसरं मनोरुग्णालय आणि क्लेबरी, दोन्ही बंद करण्याचा निर्णय घेतला. आपण 1986 मध्ये परतलो. फ्रायर्न 1993 मध्ये संपलं, क्लेबरी 1997 मध्ये.

तुम्ही दोघं गेल्यावर काय झालं हे तुम्हाला तुकड्या-तुकड्यांत कळलं असणार. ज्युलियन लेफ या मानसोपचारतज्ज्ञाच्या गटानं 1985 पासून या दोन हॉस्पिटलांतून बाहेर गेलेल्या जुन्या रुग्णांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. सगळ्यांना वाटत होतं, हे लोक फुटपाथवर येतील किंवा तुरुंगात जातील. तसं अगदी थोड्यांचं झालं. बहुतेकजण छोट्या घरांत, पाच-सहा जणांच्या सोबतीनं, मदतनिसांसह टिकले. त्यांची आजारपणाची लक्षणं फारशी बदलली नाहीत, पण त्यांना जास्त मित्र मिळाले, आणि परत जायचंय का असं विचारलं तर बहुसंख्यांनी नाही म्हटलं.

हे वाचून मला पहिल्यांदा थोडा राग आला होता. मला वाटायचं, आई तिथे होती, मग त्यांना तिथे काय वाईट होतं? पण मॉरिशसच्या सिस्टरनी एक हकीकत सांगितली, आणि मग माझा मुद्दाच संपला. तुझ्या वॉर्डातली ती उंच बाई आठवते, जिनं मला विणायला शिकवलं, आणि जी प्रत्येक टाका मोजताना "माय डिअर" म्हणायची? तिला एका छोट्या घरात नेलं. सिस्टर तिच्याबरोबर त्याच घरात कामाला गेल्या. पहिल्या संध्याकाळी सिस्टरनी विचारलं, "चहात साखर किती?" तिला उत्तर देता येईना. तिला विचार करावा लागला. वॉर्डात चहा मोठ्या किटलीत येई, दूध-साखर आधीच घातलेला, सगळ्यांना एकच. चाळीस-एक वर्षं तिनं तोच प्यायला होता. आठवडाभर ती रोज वेगळी साखर घालून बघत होती. शेवटी अर्धा चमचा ठरला. पुढे तिनं खोलीला पडदे स्वतः निवडले, भयंकर पिवळे, आणि दाराची किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. ती मेली तेव्हाही ती किल्ली तिच्याजवळ होती.

आई, तूही किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरायचीस. मला तो आवाज फार आवडायचा, खुळखुळला की तू आलीस असं समजायचं. तिला तो कसा ऐकू येत असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं. हे तुला दोष देण्यासाठी लिहीत नाही. तू तिची नखं कापायचीस, तिला आलेली पत्रं वाचून दाखवायचीस, आणि तिला कुणी पत्रच लिहीत नाही हे कळल्यावर तूच वाढदिवसाला कार्ड पाठवायला लागलीस. हे सगळं खरं, आणि तिच्या चहात साखर किती हे कुणीच विचारलं नाही, हेही खरं.

म्हणून माझं म्हणणं असं. हॉस्पिटल बंद झालं ते बरंच झालं, आणि तुम्हाला त्याची आठवण येते यात चुकीचं काहीही नाही. तुम्हाला भिंतींची आठवण येत नाही. तुम्हाला क्लबातला शनिवार आठवतो, क्रिकेटचं मैदान, हॉलमधला नाताळचा पँटोमाइम, ज्यात बाबा दोन वर्षं जादूगार झाले होते आणि टोपी डोळ्यांवर येत होती. मिरजेहून आलेल्या जोडप्याला जगाच्या पाठीवर एकदम इतके शेजारी मिळाले, ते फक्त तिथेच. तो शेजार मात्र इतरांना आत ठेवण्यावर उभा होता. हे तुम्हाला माझ्या आधीपासून कळत असणार, नाहीतर परत आल्यावर बाबांनी आपल्या मेडिकलमध्ये आलेल्या प्रत्येक मनोरुग्णाच्या घरच्यांना "घरीच ठेवा, सोडू नका" असं कशाला सांगितलं असतं?

आपल्याकडे तर येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी चारही अजून चालू आहेत, आणि बरे झालेल्यांना न्यायला घरचे येत नाहीत म्हणून कितीतरीजण तिथेच राहतात. दार उघडलं तरी बाहेर घर हवं. इथेही ते पुरेसं नाही, खाटा इतक्या कमी झाल्यात की आजारी माणसाला कधी कधी घरापासून शंभर मैलांवर पाठवतात. टेबलावरच्या तक्रारीत तेवढं तथ्य होतं.

आजी शेजाऱ्यांना "मोठ्या इस्पितळात" एवढंच सांगायच्या, कुठल्या ते नाही. मिरजेत पुढे माझ्या वर्गात "हिचे आई-बाप वेड्यांच्या दवाखान्यात होते" असं कुणीतरी म्हणालं होतं. मी तेव्हा घरी सांगितलं नाही. आता सांगते, कारण मला आता हसू येतं. होते, म्हणावं. दोघंही. पगारी.

कामाचं. फोटोंचा जो पत्र्याचा डबा आहे, त्यातले सगळे काढा आणि प्रत्येकाच्या मागे नावं लिहा, पेन्सिलीनं नको, पेननं, आणि कोण कुठल्या देशाचं तेही. जुन्या स्टाफचा ग्रुप जमलेल्यांकडून जे फोटो मिळतायत ते एकत्र करतोय आणि तुमच्या नावापुढे अजून प्रश्नचिन्ह आहे. कप्तानांना बाबांचा नंबर दिलाय, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, आपल्या वेळेनं, फोन करतील. त्यांनाही कमी ऐकू येतं, तेव्हा दोघंही भरपूर ओरडा. आई, करंज्यांची कृती इंग्लिशमध्ये लिहून पाठव, खसखस किती ते वजनात लिही, मूठभर म्हणू नकोस. पुढच्या जेवणाला मी करणार आहे. बिघडल्या तर तुझंच नाव सांगेन.

बाबा, बीपीची गोळी वेळेवर.

तुमची,
मोठी