आजीच्या खाटेची चादर

उल्म, जर्मनी
१५ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी तू आजीची कूस बदलत होतीस तेव्हा फोन खिडकीत टेकवलेला होता, त्यामुळे मला सगळं दिसलं. एका हाताने तू तिचा खांदा धरलास, दुसऱ्या हाताने गादीचा कोपरा उचलून चादर आत खोचलीस, आणि आजी पुन्हा पाठीवर आली तशी ती चादर सुटून तिच्या कमरेखाली गोळा झाली. तू काही बोलली नाहीस. कमरेवर हात ठेवून जराशी थांबलीस आणि परत खोचायला लागलीस. तेव्हापासून माझ्या डोक्यात ती चादरच बसली आहे. फोनवर मापं सांगितली की निम्मी विसरतात, म्हणून हे सविस्तर पत्र. मामाला वाचायला दे आणि शिवायला टाकताना कापडाबरोबर हा कागदही टेलरकाकांकडे दे.

चादर सुटते यात तुझं काही चुकत नाही, मापच अपुरं आहे. तुमच्या खोलीतल्या पलंगाचं बघ. गादी ७२ बाय ७८ इंच, आणि बाजारात डबल म्हणून मिळणारी चादर बहुतेक ९० बाय १०० ची. गादी ६ इंच जाड असली तर ७२ आणि दोन्ही अंगांचे मिळून १२ असे ८४ इंच वरच संपले. उरले ६. म्हणजे एका बाजूला गादीखाली जायला ३ इंच, जेमतेम चार बोटं. गादी ८ इंचाची असली तर १ इंचच उरतो, आणि पहिल्या धुण्यात कापड आटलं की तोही जातो. आजीच्या खाटेवर आपण ६० बाय ९० ची चादर घालतो. तिथे रुंदीला पुरते, पण लांबीत डोक्याशी आणि पायाशी ४-४ इंचच आत जातात. त्यात आजीला उशांना टेकवून बसवलं की ती हळूहळू खाली घसरते आणि चादर डोक्याकडून ओढत आणते. त्या दिवशीही आधी डोक्याकडचीच बाजू सुटली होती.

इथे रुग्णांची काळजी घ्यायच्या कामात आम्हाला पहिल्याच महिन्यात पलंग लावायला शिकवलं. मला वाटलं होतं, यात शिकण्यासारखं काय आहे! पण माझ्याकडे एक ८९ वर्षांच्या बाई होत्या, त्या रोज सकाळी पाठीकडे बोट दाखवून एकच शब्द म्हणायच्या, ‘हिअर’, म्हणजे इथे. मी उशा बदलल्या, पांघरूण बदललं, काही उपयोग नाही. एकदा अंघोळीच्या वेळी पाठ पुसताना दिसलं, कमरेच्या वरच्या बाजूला बोटभर लांबीची एक लाल रेघ उमटली होती, नाडी घट्ट बांधल्यावर उमटते तशी. खाली चादरीची एक घडी होती, कागद दुमडावा इतकी बारीक. मला हाताला लागलीसुद्धा नसती. पण ज्या माणसाला स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्याच्या अंगाखाली ती घडी रात्रभर तशीच राहते. त्या दिवसापासून मी चादर घातल्यावर बोटांची टोकं एकदा डोक्यापासून पायापर्यंत फिरवते. बोटांच्या टोकांना बारीक घडी लवकर कळते. तूही करून बघ.

इथे घरोघर चार कोपरे शिवलेली, इलॅस्टिकची चादर असते. श्पानबेटलाकेन म्हणतात, म्हणजे ताणून बसवायची चादर. अमेरिकेत बर्था बर्मन नावाच्या बाईंनी अशा कोपरे शिवलेल्या चादरीचं पेटंट १९५९ साली घेतलं होतं. माझ्या खोलीत मीही तीच वापरते, पलंग लावायला अर्धं मिनिटही लागत नाही. त्यातली जर्सीची, म्हणजे बनियनसारख्या विणीची, तर गादीवर कातडीसारखी बसते. पण आजीसाठी मी चारही कोपरे शिवायला सांगणार नाही. कारण माणूस अंथरुणात असताना अशी चादर बदलायची म्हणजे चौथा कोपरा घालणं फार कठीण जातं. तीन कोपरे बसलेले असतात, चादर तिरकी ताणलेली असते, आणि शेवटच्या कोपऱ्यासाठी गादी उचलावी लागते, आजीच्या वजनासकट. तुझ्या कमरेला ते झेपणार नाही. शिवाय सगळीकडून इलॅस्टिक असलेली चादर मशिनमध्ये पिशवीसारखी होते, उशीचे अभ्रे तिच्या पोटात जातात आणि ओलेच बाहेर येतात.

म्हणून आजीची चादर अशी शिवून घे: डोक्याकडचे दोनच कोपरे शिवलेले, पायाकडची बाजू मोकळी आणि चांगली लांब.

कापड चाटी गल्लीतून घे. साधं सुती, साध्या विणीचं, हाताला मऊ लागणारं. मांजरपाट नको, सुरुवातीला खरखरीत असतो. टेरिकॉट तर नकोच, सोलापूरच्या उन्हाळ्यात पाठ भिजून जाईल आणि ओली कातडी लवकर सोलते. ६३ इंच पन्ह्याचं ३ मीटर घे. घरी आणल्यावर आधी रात्रभर पाण्यात भिजव, वाळव, इस्त्री कर, आणि मगच कापायला दे. ही पायरी टेलरकाका घाईत गाळतील, तू गाळू देऊ नकोस. आटल्यावर पन्हा साधारण ६० इंच भरेल, तेवढाच हवा आहे.

खाटेची गादी ३६ बाय ७२, जाडी ५ इंच धरली आहे. रुंदीत ३६, दोन्ही अंगांचे १०, आणि गादीखाली दोन्हीकडे ७-७, असे ६० इंच. लांबीत डोक्याकडे गादीखाली ७, मग ५, मग ७२, पुन्हा ५, आणि पायाकडे गादीखाली जायला १५. एकूण १०४ इंच, दुमडपट्टी धरून १०७. आता डोक्याकडच्या दोन कोपऱ्यांतून साडेअकरा इंचांचा एकेक चौकोन कापायचा. पाच आणि सात बारा, त्यातला अर्धा इंच शिवणीला ठेवला. कापड उभं दुमडून दोन्ही कोपरे एकावर एक ठेवून कापले की फरक पडत नाही. कापलेल्या दोन कडा एकमेकींना जोडल्या की कोपऱ्याची खोळ तयार. तिची शिवण गादीच्या उभ्या कडेवर येते, आजीच्या डोक्याखाली येत नाही.

मग डोक्याकडच्या कडेला आणि तिथून पुढे दोन्ही बाजूंना १०-१० इंच नेफा काढायचा. हा नेफा ५६ इंचांचा होईल, त्यात ३८ इंच इलॅस्टिक ओवायचं. इलॅस्टिक कापडावर थेट शिवू देऊ नकोस. आपण आजीच्या चादरी गरम पाण्यात धुतो, त्यात इलॅस्टिक वर्ष-दीड वर्षात सैल पडतंच. नेफ्याला दोन इंचांचं तोंड उघडं ठेवलं की परकराची नाडी बदलावी तसं सेफ्टी पिन लावून ते घरच्या घरी बदलता येईल. शेवटी दोन्ही टोकांच्या कडेला, बरोबर मधोमध, लाल दोऱ्याचे दोन-दोन टाके घालायला सांग. त्यांचा उपयोग पुढे येतो.

बदलायची कशी ते सांगते. खाट भिंतीपासून हातभर बाहेर ओढून घे, हे सगळ्यात आधी. आजीला खिडकीकडच्या कुशीवर वळव, तिच्या पुढ्यात उशी लाव आणि बाबांना त्या बाजूला उभं कर. नुसते उभे राहिले तरी तिला धीर येतो. भिंतीकडची जुनी चादर सोडवून तिच्या पाठीपर्यंत लांबट गुंडाळत ने. नव्या चादरीचे लाल टाके गादीच्या मध्यावर ठेव, भिंतीकडचा डोक्याचा कोपरा चढव, बाजू खोच, आणि उरलेली अर्धी चादर जुनीला लागून गुंडाळून ठेव. आता आजीला त्या वळकटीवरून भिंतीकडे वळवायचं, आणि बाबांनी खिडकीकडच्या बाजूने जुनी काढून नवी ओढून घ्यायची. पायाकडे १५ इंच सरळ गादीखाली जातात. कोपऱ्याला, लोंबणारी कड कोपऱ्यापासून हातभर अंतरावर धरून गादीवर उचलून ठेव, समोशासारखा त्रिकोण होईल. खाली राहिलेलं आत खोच, मग तो त्रिकोण खाली आणून तोही खोच. असा कोपरा सहजासहजी निघत नाही. आजीला ओढून वर सरकवू नका, उचलून सरकवा. ओढलं की कातडी चादरीला चिकटून जागच्या जागी राहते आणि आतलं हाड पुढे जातं, जखम तिथूनच सुरू होते.

पण रोज ही एवढी चादर बदलायचीच नाही. तिच्यावर मधे एक आडवी पट्टी घाल, खांद्याच्या खालपासून गुडघ्यांपर्यंत. ४० इंच रुंद आणि दोन मीटर लांब, म्हणजे दोन्हीकडे भरपूर खोचता येईल. ओलं होतं ते बहुतेक एवढ्याच भागात. रात्री दोन वाजता ही पट्टीच बदलायची, खालची चादर चार दिवस टिकते. इथे आम्ही रोज हेच करतो आणि मला विचारशील तर सगळ्या पत्रात हीच गोष्ट तुला जास्त उपयोगी पडेल. पट्टीला नवं कापडही नको. आजीची जुनी सुती लुगडी आहेत ना कपाटात, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली? त्यांचीच दुहेरी करून कर, फक्त काठ कापून टाक आणि मधे कुठे जोड देऊ नकोस. खाली मेणकापड घालतेस ते पट्टीपेक्षा लहान असू दे, त्याची कड उघडी राहिली की घामाने अंगाला चिकटते. गोधडी मात्र अंगाखालून काढ. तिचे टाके आपल्याला जाणवत नाहीत, तिला टोचत असणार.

पांघरायला तिला अजूनही सोलापुरी चादरच लागते हे माहीत आहे, पण ती पायाशी खोचू नका. वजनाने पावलं खाली दाबली जातात. सैल सोडा, बोटांजवळ एक चुणी ठेवा.

मामासाठी एक गोष्ट. इथे उन्हाळ्यात सीअरसकर नावाच्या कापडाच्या खोळी वापरतात. एक पट्टा सपाट, एक चुरगळलेला, इस्त्री लागतच नाही, आणि कापड अंगाला पूर्ण चिकटत नाही म्हणून हवा खेळती राहते. हा शब्द हिंदुस्थानातूनच तिकडे गेला, मूळ फारसी ‘शीर-ओ-शक्कर’, दूध आणि साखर. ताण्याचे, म्हणजे उभे, काही धागे घट्ट आणि काही सैल सोडून विणलं की सैल पट्टे गोळा होतात. दोन बीम, म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळायचे रूळ, लावून मामाच्या मागावर ते जमेल का, हे त्याला विचार. आजीच्या अंगाखाली ते नको, चुण्या उमटतील. पण मे महिन्यात पांघरायला त्याच्यासारखं काही नाही.

आणि हे लक्षात ठेव. रोज अंग पुसताना माकडहाड, दोन्ही टाचा आणि खुब्याची हाडं बघायची. लाल दिसलं तर बोटाने दाबून सोड. पांढरं होऊन परत लाल झालं तर कूस बदलली की जाईल. दाबूनही लालच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, मलम लावून वाट बघू नका. दिवसा दर दोन तासांनी कूस बदलायचीच. डॉक्टरांनी उद्या हवेची गादी आणायला सांगितली तर तिच्यावर ही चादर ताणून घालू नकोस, नुसती सैल अंथर. ताणलेली चादर झोळीसारखी होते, माणूस झोळीवर राहतो आणि खालच्या गादीचा उपयोगच होत नाही.

५ इंच जाडी मी फोनवर बघून अंदाजाने लिहिली आहे. तू टेप घेऊन डोक्याशी, मधे आणि पायाशी अशी तीन ठिकाणी मोज, कापसाची गादी मधे बसलेली असते. शनिवारी मला सुट्टी आहे, तुमच्या दुपारी चारला फोन करते. तोवर कापड भिजवून ठेवलंस तरी चालेल, कापू मात्र नका.

बाबांना नमस्कार. कमरेचा पट्टा बांधल्याशिवाय आजीला वळवू नकोस.

तुझी,
सोनू

ता. क. कापड फिकट रंगाचं घे, म्हणजे डाग किंवा रक्त लगेच दिसतं. आजी पांढऱ्याला नको म्हणेल, तिला ते दवाखान्यासारखं वाटतं. नेफ्याची पट्टी तिच्या आवडीच्या हिरव्या रंगाची लावा, आणि शिवायला टाकण्याआधी तिला दाखवून विचारा.