करार बारा महिन्यांचा हवा

खालच्या श्रेणीतील व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या कारकिर्दीवरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. त्यातील ‘गुणवत्तेला वाट सापडतेच’ हा सूर मात्र पटला नाही. आय-लीग ही तेव्हाची दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा जिंकून पंजाबचा संघ २०२३ मध्ये इंडियन सुपर लीग या अव्वल श्रेणीत पोहोचला हे खरे, पण ही बढती संघाची असते. त्याखालच्या पायऱ्यांवर खेळणाऱ्यांचा करार बहुधा हंगामापुरताच असतो. माझा भाचा पहाटेची हार्बर लोकल पकडून नेरुळहून दक्षिण मुंबईतील कूपरेज मैदानावर सामन्यांसाठी जात असे. गुडघ्याचा लिगामेंट फाटला तेव्हा क्लबने एमआरआयचे पैसे दिले. शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत हंगाम संपला आणि करारही. त्याचे बूट अजून गॅलरीत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले आहेत. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा स्पेन-माली उपांत्य सामना नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाला, तो आम्ही दोघांनी एकत्र पाहिला होता आणि तिथूनच त्याने हा ध्यास घेतला. किमान बारा महिन्यांचा लेखी करार आणि दुखापतीचा विमा असल्याशिवाय कोणत्याही खेळाडूची व्यावसायिक म्हणून नोंदणी स्वीकारू नये, अशी अट फुटबॉल संघटनेने येत्या हंगामापासून क्लबांना घालावी.

— एका फुटबॉलपटूचा मामा, नेरुळ, नवी मुंबई